वाचनालयासाठी ई-रीडर : प्रकल्प नोंदी

२ जून २०२५

आजच्या कार्यकारिणी सभेत ठराव झाला. देणगी म्हणून आलेल्या ४०,००० रुपयांतून ज्येष्ठ सभासदांसाठी ई-रीडर (पडद्यावर पुस्तकं वाचायचं यंत्र) घ्यायचे आणि ते पुस्तकांसारखेच घरी न्यायला द्यायचे. यंत्र निवडणं, तपासणं, त्यात पुस्तकं भरणं आणि देवघेवीचे नियम लिहिणं हे काम माझ्याकडे आलं.

गरज काय आहे ते आधी नोंदवून ठेवते. आमच्या वाचनालयाचे जुने सभासद आजही वर्गणी वेळेवर भरतात, पण पुस्तक नेत नाहीत. डोळे साथ देत नाहीत. कुणाची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, कुणाच्या दृष्टिपटलावर मधुमेहाचा परिणाम झाला आहे. एक आजी दर गुरुवारी येतात, नव्या मासिकांची मुखपृष्ठं पाहतात, ग्रंथपालांशी दोन शब्द बोलतात आणि रिकाम्या हाताने परत जातात. आयुष्यभर वाचत आलेल्या माणसाचं वाचन केवळ टाइप बारीक आहे म्हणून थांबावं, हे मला मान्य नाही. मोठ्या टाइपातलं आमच्याकडे काय आहे ते कपाटं उघडून पाहिलं. पोथ्या, आरतीसंग्रह आणि लहान मुलांची पुस्तकं. कादंबरी एकही नाही.

अटी अशा लिहिल्या: मराठी अक्षर बिनचूक दिसावं. ते हवं तेवढं मोठं करता यावं. यंत्र एका हातात पेलावं. पावसाळ्यात वीज गेली तरी अडू नये. दुरुस्तीसाठी कुठे पाठवायचं हे ठाऊक असावं. मराठी अक्षराची अट मुद्दाम पहिली ठेवली आहे. जाहिरातींत तिचा उल्लेख कुठेच नसतो.

६ जून

सभेत एकांनी विचारलं, “घरोघरी टॅब पडून आहेत, मग वेगळं यंत्र कशाला?” प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर इथे लिहून ठेवते.

टॅबचा पडदा मागून उजळलेला असतो, त्याचा प्रकाश सरळ डोळ्यांत येतो. ई-रीडरचा पडदा कागदासारखा बाहेरचा उजेड परावर्तित करतो. त्यात केसाच्या जाडीएवढ्या सूक्ष्म कुप्या असतात, आणि त्यांतल्या द्रवात विरुद्ध विद्युतभाराचे पांढरे व काळे कण तरंगतात. विजेचा दाब दिला की एका रंगाचे कण वर येतात, दुसरे खाली बसतात, आणि दाब काढला तरी तिथेच राहतात. म्हणून वीज मुख्यतः पान उलटताना लागते, पान नुसतं उघडं ठेवायला लागत नाही. हे तंत्र अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये घडलं. त्यातून १९९७ मध्ये ई इंक ही कंपनी निघाली, आणि २००९ मध्ये तैवानच्या एका उद्योगाने ती विकत घेतली. सोनीने २००४ मध्ये जपानात असा पडदा असलेलं लिब्रिए हे पहिलं यंत्र आणलं, नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकेत ॲमेझॉनचं किंडल आलं.

रात्री वाचण्यासाठी हल्लीच्या यंत्रांच्या कडेला बारीक दिवे असतात. त्यांचा उजेड पडद्यावर वरून पसरतो. काहींत तो पिवळसर करता येतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पांढरा झगझगीत प्रकाश खुपतो अशी तक्रार आमचे काही सभासद करतात, तेव्हा ही सोय असलेलंच यंत्र घ्यायचं.

दुसरं, बारकावा. पहिल्या किंडलच्या पडद्यावर एका इंचात १६७ ठिपके होते, आज बहुतेक चांगल्या यंत्रांत ३०० असतात. रोमन लिपीचं १६७ वर भागून जायचं. ‘ष्ट्र’ किंवा ‘द्ध्व’ एवढ्याशा जागेत मांडायचं तर ठिपके भरपूर लागतात. ३०० पेक्षा कमी काही पाहायचं नाही असं ठरवलं.

आणि आमच्या भागात आषाढात वीज दोन-दोन दिवस जाते. टॅब पहिल्याच संध्याकाळी मान टाकतो. ई-रीडर काही आठवडे चालतो.

११ जून

पडद्याचा आकार. आज पट्टी घेऊन बसले.

बहुतेक मराठी कादंबऱ्या डेमी आकारात निघतात, साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. सहा इंची ई-रीडर म्हणजे कर्ण सहा इंचांचा, प्रत्यक्ष पडदा सुमारे ३.६ बाय ४.८ इंच. डेमी पानाचं स्कॅन त्यावर पूर्ण बसवलं तर ते ५६ टक्क्यांवर येतं. छापील १४ पॉइंटचं अक्षर ८ पॉइंटचं होतं. म्हणजे ज्यांना छापलेलं दिसत नाही त्यांच्या हाती आपण त्याहून बारीक छापलेलं देणार. समास कापून टाकले तरी मजल साडेनऊ पॉइंटांपर्यंतच जाते. सात इंची पडद्यावर अख्खं पान ६६ टक्क्यांवर येतं. दहा इंची (१०.३) पडद्यावर मात्र ते जवळजवळ मूळ आकारात बसतं, पण मूळ आकारच आमच्या वाचकांना पुरत नाही.

यातून एक गोष्ट पक्की झाली. स्कॅन केलेली पीडीएफ दाखवण्यासाठी मोठा पडदा विकत घेणं हा आमच्या प्रश्नावरचा उपाय नाही. आम्हाला अशी पुस्तकं हवीत ज्यांतला मजकूर अक्षर मोठं केलं की नव्याने ओळी पाडतो, म्हणजे ईपब किंवा तशा प्रकारची. तसं असेल तर सहा-सात इंच पुरेत.

१४ जून

तपासणीसाठी तीन यंत्रं उसनी मिळाली. एक सहा इंची, एक सात इंची, एक दहा इंची अँड्रॉइडवर चालणारं. तिघांच्या नावांवर पट्टी चिकटवून त्याच क्रमाने क, ख, ग अशी चिठ्ठी लावली. वाचकांनी नाव पाहून मत बनवू नये, आणि मीही.

१९ जून

परीक्षेचं पान तयार केलं. त्यात असे शब्द घातले, जिथे देवनागरी मोडते हे वर्षानुवर्षं संगणकावर पाहिलं आहे: वाङ्मय, उद्ध्वस्त, सुहृद, आर्द्रता, कुऱ्हाड, राष्ट्र्रीय नव्हे तर राष्ट्रीय, ब्राह्मण, दुःख, ॲसिड, ऑगस्ट, पूर्वीं, आऽऽई.

सर्वांत महत्त्वाची जोडी ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. कोकणातल्या वाचकाला दोन्ही रोज लागतात. पहिल्यात रफार, दुसऱ्यात आडवा चंद्रकोरीसारखा अर्धा र. हा अर्धा र हिंदीत लागत नाही, म्हणून हिंदीपुरतीच चाचणी केलेल्या फॉन्टांत तो अनेकदा सुटतो. तसंच ‘ॲ’. या अक्षराला युनिकोडमध्ये (संगणकावर सर्व लिप्यांसाठी वापरायच्या जागतिक संकेतांमध्ये) स्वतंत्र जागा २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत मिळाली. त्याआधी घडलेल्या फॉन्टांत ते नसतं, त्या जागी रिकामी चौकट येते.

निकाल. क: मूळ फॉन्टमध्ये ‘दऱ्या’मधला र पाय मोडून पूर्ण उभा राहतो, ‘उद्ध्वस्त’ तीन तुकड्यांत येतो. आपला फॉन्ट टाकल्यावर दोन्ही सुधारले. ख: सगळे शब्द बरोबर, ‘पूर्वीं’वरचा रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकमेकांत जरा गर्दी करतात, ओळींतलं अंतर वाढवल्यावर ठीक. ग: निकाल ॲपवर अवलंबून. त्याच यंत्रावर एका ॲपमध्ये पान निर्दोष, दुसऱ्यात ‘ॲ’ गायब.

तेव्हा यंत्राच्या नावावरून काही ठरत नाही. अक्षर कोण मांडतं, म्हणजे वाचनाची प्रणाली आणि फॉन्ट, ते पाहायचं. आपला फॉन्ट वापरू देणं ही आता अट क्रमांक दोन.

२४ जून

फॉन्टवर पूर्ण दिवस. निवृत्त मुख्याध्यापक सरांना पानं दाखवली. ते पहिल्याच ओळीला थांबले. “हा ल आपला नाही.”

बरोबर होतं. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श चालतो, हिंदीत दंडाचा ल आणि गाठीचा श. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी कोणती रूपं वापरायची ते ठरवून दिलं आहे. संगणकाच्या दृष्टीने दोन्हींचा संकेतांक एकच असतो. कोणतं रूप दाखवायचं हे फॉन्ट ठरवतो, आणि काही फॉन्ट पुस्तकाच्या माहितीत भाषा कोणती लिहिली आहे ते पाहून ठरवतात. म्हणून ईपब बनवताना भाषेच्या रकान्यात ‘एमआर’ हा मराठीचा संकेत भरायलाच हवा. आमच्याकडे आलेल्या निम्म्याहून अधिक फायलींत तिथे इंग्रजीचा संकेत होता. बनवणाऱ्याने सवयीने तो तसाच सोडलेला.

अडचण टाळायचा सरळ मार्ग म्हणजे ज्याची मूळ रूपंच मराठी आहेत असा फॉन्ट. राज्य मराठी विकास संस्थेसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने घडवलेला यशोमुद्रा मोफत मिळतो. टिरो देवनागरी मराठी हाही खुला आहे. सरांनी दोन्ही पाहिले. यशोमुद्रा मोठ्या आकारात भक्कम दिसतो. टिरो जुन्या खिळ्यांच्या छपाईची आठवण देतो, पण त्याच्या बारीक रेषा अधू डोळ्यांना पुसट वाटतात. यशोमुद्रा ठरला.

माझं मत इथे नोंदवते. शाळेत आयुष्यभर पाकळीचा ल गिरवून घेतलेल्या माणसाला वाचताना प्रत्येक ओळीत परका ल भेटला तर तो वाचतो, पण थोडा थोडा दमतो. आम्ही हे यंत्र दमलेल्या डोळ्यांसाठी घेत आहोत, त्यामुळे हा मुद्दा किरकोळ समजणार नाही.

३० जून

पुस्तकं येणार कुठून, यावर निवडीचा निम्मा भार आहे.

ॲमेझॉनच्या किंडल दुकानात डिसेंबर २०१६ पासून मराठी पुस्तकं मिळतात, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमबरोबर ती सुरू झाली. संग्रह मोठा आहे. पण तिथे आपण पुस्तक घेतो म्हणजे वैयक्तिक वापराचा परवाना घेतो. वाचनालयाने एक खातं काढून त्यावरची पुस्तकं सभासदांत फिरवावीत हे त्या परवान्यात बसत नाही. शिवाय विकत घेतलेल्या पुस्तकाची फाइल संगणकावर उतरवून केबलने यंत्रात घालण्याची सोय कंपनीने २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद केली. आपल्या स्वतःच्या फायली मात्र आजही केबलने घालता येतात. पुण्याच्या बुकगंगा या संकेतस्थळावर मराठी ई-पुस्तकं भरपूर, पण ती त्यांच्याच ॲपमध्ये उघडतात, म्हणजे अँड्रॉइड यंत्रच हवं. वाचनालयाला फिरवायला देता येईल असा परवाना तिथेही नाही.

छापील पुस्तक एकदा घेतलं की शंभर हातांत जातं, कुणाची परवानगी लागत नाही. सार्वजनिक वाचनालय उभं आहे ते याच हक्कावर. ई-पुस्तकाला हा हक्क लागू नाही, आणि मराठी प्रकाशकांनी वाचनालयांसाठी काही व्यवस्था काढावी अशी माझी कळकळीची इच्छा आहे. तोवर आमच्यापुढे हक्कमुक्त (कॉपीराइटची मुदत संपलेलं) आणि मुक्तपणे दिलेलं साहित्य हाच मार्ग.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षं कॉपीराइटचा हक्क राहतो. म्हणजे १९६४ पर्यंत निधन पावलेल्यांचं लेखन २०२५ मध्ये मोकळं आहे. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन २०११ पासून हक्कमुक्त. अनुवाद असेल तर अनुवादकाचं निधनवर्ष वेगळं पाहायचं, जुन्या पुस्तकाला नवी प्रस्तावना असेल तर तीही वेगळी. मराठी विकिस्रोत या विकिपीडियाच्या भावंड असलेल्या मोफत ग्रंथालयात अशी पुस्तकं आहेत आणि तिथून ती थेट ईपबमध्ये उतरवता येतात. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशनं मोफत आहेत, पण पीडीएफमध्ये. ई साहित्य प्रतिष्ठानही लेखकांच्या संमतीने मोफत पुस्तकं देतं, तीही बहुधा पीडीएफ.

८ जुलै

वाचकांची चाचणी. बाहेर धो धो पाऊस, वीज नाही, तरी बहुतेकजण आले. खिडकीजवळ टेबल मांडून तिन्ही यंत्रं ठेवली, एकच उतारा तिन्हींत.

ग हे दहा इंची यंत्र सर्वांना प्रथम आवडलं. पान मोठं, वर्तमानपत्र हातात घेतल्याचा भास. पाच मिनिटांत मनगटं दुखायला लागली आणि ते टेबलावर उतरलं. पलंगावर पडून वाचणाऱ्यांना ते नकोच.

क हलकं आहे, पण अक्षर खूप मोठं केलं की ओळीत दोन-तीनच शब्द मावतात. मराठीत ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’ सारखे प्रत्यय लागून लांबलेले शब्द येतच राहतात. दोन्ही कडा सरळ ठेवायच्या म्हटलं की शब्दांमध्ये खिंडारं पडतात. आजींनी विचारलं, “अगं, मधेमधे हे मोकळं का सोडलंय? काही खोडलंय का?” उजवी कड मोकळी सोडल्यावर प्रश्न मिटला. तिन्ही यंत्रांवर आता डावीकडून सरळ, उजवीकडून मोकळी अशीच मांडणी ठेवली आहे.

स्पर्शाने पान उलटणं अनेकांना जड गेलं. बोटं कोरडी, स्पर्श हलका, यंत्राला कळत नाही. मग जोरात दाबलं की शब्द निवडला जातो आणि भलतीच चौकट उघडते. पान उलटायला खऱ्या कळा असलेलं यंत्र यांच्यासाठी उत्तम, पण आमच्या रकमेत आणि इथे दुरुस्ती होईल असं तसलं यंत्र मला मिळालेलं नाही. थोड्या सरावाने उजव्या कडेला हलकं टेकवणं बहुतेकांना जमलं. एका काकांनी अंगठा वापरला, तो सर्वांत सोपा ठरला.

आणखी एक मागणी आली, जी माझ्या यादीत नव्हती. “किती उरलंय ते कसं कळणार?” छापील पुस्तकात उजव्या हाताखालची जाडी सांगते. इथे टक्के दिसतात. प्रकरण संपायला किती पानं उरली तो आकडा खाली कायम दिसेल असं करून दिलं. सरांना तेवढं पुरलं, आजींना नाही. त्यांनी पुस्तकाची एकूण पानं कागदावर लिहून मागितली. यंत्राबरोबर प्रत्येक पुस्तकाचं एक छोटं पत्रक द्यायचं ठरवलं: लेखक, वर्ष, छापील आवृत्तीची पानं.

ख सात इंची. शेवटी जवळजवळ सगळे त्याच्यापाशी येऊन थांबले.

११ जुलै

रंगीत पडदा हवा का, असा निरोप आला. नको. रंगाचा थर आला की पडदा काळवंडतो, रंगीत भागाचा बारकावा ३०० वरून १५० वर येतो. आमच्या कामाला काळा-पांढराच चांगला.

१७ जुलै

पीडीएफचं काय करायचं. तीन प्रकार समोर आहेत.

युनिकोडमध्ये अक्षरजुळणी झालेल्या पीडीएफ कॅलिबर या मोफत प्रणालीने ईपबमध्ये नेता येतात. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये ती सुरू केली. परिच्छेद तुटतात, पानाचे आकडे मजकुरात घुसतात, ते हाताने काढावे लागतात. काम संथ, पण होतं.

श्रीलिपीसारख्या जुन्या संकेतांच्या फॉन्टांत जुळवलेल्या पीडीएफ डोळ्यांना नीट दिसतात, मजकूर उचलला की रोमन चिन्हांचा कचरा हाती येतो. संकेत बदलून देणारी साधनं आहेत, पण प्रत्येक फॉन्टची तऱ्हा निराळी. तूर्त बाजूला ठेवल्या.

तिसरा, स्कॅन. टेसरॅक्ट ही चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारी खुली प्रणाली मराठी ओळखते. स्वच्छ छपाई असेल तर निकाल चांगला येतो, पण घ-ध, भ-म, ब-व यांत गोंधळ होतो आणि पिवळ्या कागदावरचे अनुस्वार उडतात. मुद्रितशोधन लागणारच. सरांनी आणि दोन निवृत्त शिक्षिकांनी ते अंगावर घेतलं आहे. त्यांना एकच सूचना लिहून दिली: १९६२ च्या लेखननियमांआधीच्या पुस्तकांतले ‘घरांत’, ‘तीं’, ‘कांहीं’ यांवरचे अनुस्वार तसेच ठेवायचे. आपण लेखन सुधारायला बसलेलो नाही, पुस्तक जसं होतं तसं मोठ्या अक्षरात द्यायला बसलो आहोत.

२६ जुलै

निर्णय झाला. पट्ट्या काढल्या. ख म्हणजे किंडल पेपरव्हाइट, एप्रिल २०२५ मध्ये भारतात आलेली सात इंची आवृत्ती, किंमत १६,९९९ रुपये. दोन यंत्रांचे ३३,९९८. उरलेल्यात कव्हरं आणि केबली.

सभेत मी मोकळेपणाने दोन्ही बाजू मांडल्या. कोबो आणि पॉकेटबुक ही यंत्रं ईपब थेट उघडतात, त्यांवर केओरीडर ही खुली वाचनप्रणाली सहज बसते, आणि २०२४ पासून कोबोने काही यंत्रांच्या दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग ग्राहकाला मिळण्याची व्यवस्थाही केली आहे. मनाने मी त्या बाजूची आहे. पण ती परदेशातून कुणाकडून तरी आणावी लागतील आणि बिघडली तर आमच्या तालुक्यातून ती कुठे पाठवायची याचं उत्तर माझ्याकडे नाही. देणगीच्या पैशाची जबाबदारी मोठी असते. किंडल केबलने ईपब घेत नाही, म्हणून प्रत्येक पुस्तक कॅलिबरमधून त्याच्या स्वरूपात बदलून, यशोमुद्रा पुस्तकातच गुंफून भरायचं. मूळ प्रती ईपबमध्येच जपायच्या. उद्या यंत्र बदललं तरी पुस्तकं आमच्याजवळ राहतील.

५ ऑगस्ट

यंत्रं आली. वाय-फाय बंद, अक्षर मोठं, ओळींतलं अंतर सर्वांत जास्त, उजवी कड मोकळी, उजेड पिवळसर. परीक्षेचं पान दोन्हींवर पुन्हा उघडलं, दर्या आणि दऱ्या आपापल्या जागी. पहिल्या खेपेला विकिस्रोतावरची पुस्तकं आणि शोधन पूर्ण झालेली दोन जुनी स्कॅन भरली.

१२ ऑगस्ट

देवघेवीचे नियम. मुदत महिनाभर, कारण मोठ्या अक्षरात वाचन सावकाश होतं. अनामत नाही. दाखल नोंदवहीत यंत्राला पुस्तकासारखाच दाखल क्रमांक. परत आल्यावर चार्ज करून, पडदा सुक्या मऊ कापडाने पुसून, खुणा तशाच ठेवून द्यायचं. एका सभासदाने खूण केलेली जागा पुढच्याला दिसली तर काही बिघडत नाही, पण शेवटचं वाचलेलं पान मात्र पुसून पुस्तक आरंभावर आणायचं. दमट हवेमुळे कपाटात सिलिका जेलच्या पुड्या.

१९ ऑगस्ट

पहिलं यंत्र सरांनी नेलं, दुसरं गुरुवारच्या आजींनी आगाऊ सांगून ठेवलं आहे. नावं नोंदवणाऱ्यांची यादी वाढते आहे आणि दोन यंत्रं पुरणार नाहीत हे दिसतं. पुढच्या सभेसाठी दोन गोष्टी लिहून ठेवल्या: तिसऱ्या यंत्रासाठी आवाहन, आणि जिल्ह्यातल्या इतर वाचनालयांना आमच्या शुद्ध केलेल्या ईपब प्रती देण्याचा ठराव. शोधनासाठी पुढचं स्कॅन आज शिक्षिकाबाईंकडे पाठवलं, पहिली चाळीस पानं.